ग्रंथाचा अर्थ आणि अर्थाची किंमत

धर्मग्रंथातील वचने शब्दशः घ्यावयाची की रूपके मानावयाची, हा पंडितांच्या बैठकीतील वाद असून सामान्य माणसाच्या रोजच्या जीवनाशी त्याचा फारसा संबंध नाही, असे पुष्कळांना वाटते. महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढे आणला, तर हे मत टिकण्यासारखे नाही. गीतेचा आधार घेतलेले एक भाषण येथे राजद्रोहाच्या खटल्यात पुराव्यादाखल पुढे आले. त्याच गीतेवरील एका मराठी ग्रंथाची हस्तलिखिते ब्रह्मदेशातील तुरुंगात पेन्सिलीने लिहिली गेली आणि पुढे तो ग्रंथ एका पिढीचा मार्गदर्शक ठरला. येथेच एका स्मृतिग्रंथाची जाहीर होळी झाली आणि येथेच देवळांच्या बंद दारांपुढे माणसांना सत्याग्रह करावे लागले. या सर्व प्रसंगांच्या मुळाशी प्रश्न एकच होता : ग्रंथ काय सांगतो, हे ठरवावयाचे कोणी आणि कशाच्या आधारे?

हा प्रश्न भगवद्गीतेच्या बाबतीत जितका उघडपणे पुढे येतो तितका तो क्वचितच अन्य ग्रंथाच्या बाबतीत येत असेल. गीतेची सुरुवातच एका नैतिक नकाराने होते. समोर आजा, गुरू, भाऊ उभे आहेत. त्यांना मारून मिळणारे राज्य मला नको, असे म्हणून अर्जुन धनुष्य खाली ठेवतो. अठरा अध्यायांनंतर तोच अर्जुन लढावयास सिद्ध होतो. मधल्या संवादाने त्याचा नकार दूर केला, एवढे निर्विवाद आहे. मग हा संवाद माणसाला माणूस मारण्याची अनुज्ञा देतो, की ते रणांगण मनातले आणि ते शत्रूही मनातलेच? या प्रश्नाला विसाव्या शतकातील दोन थोर नेत्यांनी परस्परविरुद्ध उत्तरे दिली, आणि दोघांचीही गीतेवरील निष्ठा संशयातीत होती.

लोकमान्यांची वाट

लोकमान्य टिळकांनी युद्ध हे युद्धच मानले. जून १८९७ मध्ये पुण्याच्या शिवाजी-उत्सवात अफझलखानाच्या वधाचे समर्थन करताना त्यांनी गीतेचाच आधार घेतला. फलाची वासना न धरता कर्तव्य म्हणून केलेल्या कर्माचा दोष कर्त्याला लागत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. या भाषणाचा वृत्तान्त १५ जूनच्या ‘केसरी’त आला. २२ जूनच्या रात्री पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. त्यांच्यावरील आरोप खुनाचा नव्हता, लेखनाचा होता. पण गीतेचा अर्थ लावणे हे किती जोखमीचे काम होऊ शकते, याची ती चुणूक होती.

पुढे मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले; ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथाचे तात्पर्य कसे काढावे, यासाठी त्यांनी मीमांसकांची जुनी कसोटी हाती घेतली. ग्रंथाचा आरंभ कोठे होतो, शेवट कोठे होतो, कोणती गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली आहे, नवे काय आहे, परिणाम काय झाला आणि स्तुतीदाखल आलेला भाग कोणता, हे पाहून तात्पर्य ठरवावे, असे ते शास्त्र सांगते. आरंभी लढण्यास तयार नसलेला अर्जुन अखेरीस लढला; तेव्हा गीतेचे तात्पर्य संन्यास नसून कर्मयोग होय, असा टिळकांचा निष्कर्ष. शंकराचार्यांसारख्या भाष्यकाराशी मतभेद जाहीर करून त्यांनी तो मांडला, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. परंपरा म्हणजे एकच अर्थ, असे निदान त्यांना तरी वाटत नव्हते.

गांधीजींची वाट

गांधीजींनी गीता प्रथम वाचली ती लंडनमध्ये विद्यार्थी असताना, एडविन अर्नोल्डच्या इंग्रजी भाषांतरातून. हा ऐतिहासिक युद्धाचा वृत्तान्त नसून प्रत्येक माणसाच्या हृदयात अखंड चाललेल्या द्वंद्वाचे वर्णन आहे, असे त्यांचे मत तेव्हापासूनच बनत गेले. महाभारतकाराने युद्धाचा गौरव केलेला नाही, उलट विजयी पक्षाच्याही पदरी शोकच टाकला आहे, याकडे ते लक्ष वेधीत. जानेवारी १९२० मध्ये ‘यंग इंडिया’च्या पानांवर या दोन वाटा समोरासमोर आल्या. राजकारण हा साधूंचा नव्हे, संसारी माणसांचा व्यवहार आहे आणि क्रोधाला अक्रोधाने जिंकावे या बुद्धवचनापेक्षा, जो जसा येईल त्याला तसे भेटावे हा श्रीकृष्णाचा मार्ग आपल्याला अधिक मानवतो, असे टिळकांनी कळविले. शठाशीही सत्यानेच वागावे, असे गांधीजींचे उत्तर होते. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक निवर्तले आणि हा संवाद तेथेच थांबला.

गांधीजींचा गुजराती अनुवाद ‘अनासक्तियोग’ १२ मार्च १९३० रोजी, म्हणजे दांडीकडे कूच केले त्याच दिवशी, प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी एक विलक्षण प्रामाणिक कबुली दिली आहे. गीतेच्या अक्षरांतून पाहता फलत्याग आणि युद्ध यांचा मेळ बसू शकतो, हे त्यांनी मान्य केले. पण चाळीस वर्षे ती शिकवण आचरणात आणण्याचा यत्न केल्यावर, अहिंसेवाचून पूर्ण फलत्याग अशक्य आहे, असा आपला अनुभव असल्याचे त्यांनी नमूद केले. त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. ‘यज्ञ’ आणि ‘संन्यास’ या जुन्या शब्दांना गीतेनेच नवे, व्यापक अर्थ दिले. गीतेने जे इतर वचनांच्या बाबतीत केले ते वाचकाने गीतेच्या बाबतीत करण्यास हरकत कसली?

अक्षर आणि रूपक : दोन्हीकडे निवड

शब्दशः अर्थाचे पक्षपाती येथे एक आक्षेप घेतात आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. रूपकाचे दार एकदा उघडले की कोणीही यावे आणि हवा तो अर्थ घेऊन जावे, असे होते. निदान अक्षर तरी हलत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ मधील आपल्या निबंधसंग्रहात गीतेची नेमकी हीच लवचिकता दाखवून दिली होती. शंकराचार्य, रामानुज, ज्ञानेश्वर, टिळक आणि गांधी अशा भिन्न प्रकृतीच्या माणसांना एकाच ग्रंथातून आपापले हवे ते मिळाले.

पण अक्षर हलत नाही, हे तरी कितपत खरे? मनुस्मृतीने दुसऱ्याच्या चाकरीला ‘श्ववृत्ती’, म्हणजे कुत्र्याचे जिणे, म्हटले आहे आणि ब्राह्मणाने ती टाळावी असे बजावले आहे. अपवादाचे प्रसंग सोडता ब्राह्मणाने व क्षत्रियाने व्याजाचा व्यवहारही करू नये, असे ती सांगते. त्या ग्रंथाच्या प्रामाण्याचा आग्रह धरणाऱ्यांपैकी किती जणांनी या वचनाखातर कचेरीतील नोकरीचा राजीनामा दिला, किंवा भविष्यनिर्वाह निधीवरील व्याज सरकारला परत केले? काळ बदलला, असे त्या वचनांपुरते सहज म्हटले गेले. म्हणजे अक्षराचा अभिमानी वाचकही निवड करतोच. फक्त ती केल्याचे तो मान्य करीत नाही.

निवड रूपकाच्या पक्षातही होते. गांधीजींनी युद्धाला रूपक मानले. पण वर्णाच्या बाबतीत ते रूपकापर्यंत गेले नाहीत. जातिभेदाचा धर्माशी संबंध नाही असे म्हणत असतानाच, प्रत्येकाने वाडवडिलांच्या व्यवसायावर उपजीविका करावी हा वर्णाचा नियम त्यांनी १९३६ मध्येही उचलून धरला. त्यात उच्चनीचता नसावी, एवढीच त्यांची अट होती. रणांगण मनातले आणि वर्णव्यवस्था मात्र समाजातली, असे का व्हावे? एकाच ग्रंथाच्या वाचनात एके ठिकाणी अर्थ आत वळतो आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेर राहतो, तेव्हा ग्रंथाव्यतिरिक्त दुसरे काहीतरी निर्णय करीत असते. ते म्हणजे वाचकाची सदसद्विवेकबुद्धी. जेथे शब्दशः अर्थ तिला खुपतो तेथे वाचक रूपक शोधतो. खुपत नाही तेथे तो अक्षरावर थांबतो.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना हे तत्त्व अपरिचित नव्हते. ‘गंगेवर गौळवाडा आहे’ असे वाक्य ऐकले की प्रवाहावर घरे असू शकत नाहीत हे ओळखून ऐकणारा ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ करतो. मूळ अर्थाला बाध आला म्हणजे लक्षणेचा आश्रय घ्यावा, हा तो नियम. पाण्यावर वाडा उभा राहत नाही, हे कोणालाही कळते. पण नीतीच्या क्षेत्रात बाध आला आहे, हे कोणाला कळते? ज्याला तो लागतो त्याला ते प्रथम कळते. इतरांना पुष्कळदा शतकानुशतके कळत नाही.

बाध प्रथम कोणाला लागतो

अमेरिकेतील गुलामगिरीचा वाद या दृष्टीने बोलका आहे. दक्षिणेकडील धर्मोपदेशकांपाशी अक्षराचा आधार भक्कम होता. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, असे नव्या कराराच्या पत्रांत लिहिलेले होते, आणि जुन्या करारातील नोहाच्या शापाची कथाही ते पुढे करीत. गुलामगिरीच्या विरोधकांना सुट्या वचनांपेक्षा ग्रंथाच्या आत्म्याकडे, शेजाऱ्यावर आपल्यासारखेच प्रेम करण्याच्या आज्ञेकडे, वळावे लागले. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ मध्ये आपल्या आत्मकथनात ख्रिस्ताचा धर्म आणि मळेवाल्यांचा धर्म यांत जमीन-अस्मानाचे अंतर असल्याचे ठणकावून सांगितले. तो भेद त्यांना पुस्तकातून उमगलेला नव्हता. प्रार्थना म्हणणाऱ्या धन्यांचे चाबूक त्यांनी सोसले होते.

त्या लढ्याचा एक धागा थेट पुण्याशी जुळतो. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. या ग्रंथात जोतीरावांनी एक तिसरीच वाट धरली. मत्स्य, कच्छ, वराह या अवतारकथा त्यांनी शब्दशः खऱ्या मानल्या नाहीत आणि आध्यात्मिक रूपकेही मानल्या नाहीत. जेत्यांनी जितांवर केलेल्या जुलमाची ती झाकलेली हकीकत आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. इतिहास म्हणून ती मांडणी आज स्वीकारता येईल की नाही, हा वेगळा प्रश्न. पण पिढ्यान् पिढ्या ऐकलेल्या कथेत बळीच्या बाजूने काय दिसते, हे विचारण्याचे धाष्टर्य त्यांनी दाखविले.

हाच प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अधिक काटेकोरपणे उभा केला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. २ मार्च १९३० रोजी, ‘अनासक्तियोग’ प्रसिद्ध होण्याच्या अवघे दहा दिवस आधी, नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. शास्त्रांचा खरा अर्थ उदात्त आहे, असे सांगणाऱ्या सुधारकांना डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरील आपल्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात उत्तर दिले. व्याकरणाने किंवा तर्काने शास्त्रांचा कोणता अर्थ निघतो याला महत्त्व नाही. लोकांनी तो काय समजून घेतला आणि ते कसे वागले याला महत्त्व आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून अर्थ बदलत बसण्यापेक्षा शास्त्रांचे प्रामाण्यच नाकारावे, असा त्यांचा आग्रह होता.

गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये यावर लिहिताना दोन गोष्टी सांगितल्या. बुद्धीला किंवा आत्मानुभवाला जे पटत नाही ते ईश्वराचे वचन मानता येणार नाही, ही एक. आणि धर्माची पारख त्याच्या निकृष्ट अनुयायांवरून न करता श्रेष्ठ भाष्यकारांवरून करावी, ही दुसरी. डॉ. आंबेडकरांचा प्रतिप्रश्न असा की, मूळ वचन कोणते आणि प्रक्षिप्त कोणते हा भेद सामान्य लोक करतात काय? त्यांना ग्रंथ माहीत नसतो. ग्रंथात असे आहे म्हणून जे सांगितले गेले तेवढे माहीत असते. आणि संतांनी जातिभेद मानला नाही म्हणून काय झाले? संताने तो मोडावा, सामान्याने मोडू नये, अशी सोयीची वाटणी समाजाने करूनच ठेवली होती.

या वादात आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. गीतेविषयीचे डॉ. आंबेडकरांचे टिपण त्यांच्या निधनानंतर, १९८७ मध्ये, महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथमालेत आले. त्यात त्यांनी गीता अक्षरशः वाचली आहे. आत्मा मरत नाही म्हणून मारण्यात दोष नाही, हा युक्तिवाद खुनाच्या खटल्यात कोणत्याही न्यायालयापुढे क्षणभरही टिकणार नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. म्हणजे टिळक आणि आंबेडकर दोघांनीही युद्धाला युद्धच मानले. एकाने त्यातून कर्मयोग उचलला, दुसऱ्याने ग्रंथाचे प्रामाण्य नाकारले. पद्धती एक, निष्कर्ष दोन टोकांचे. तेव्हा अक्षर की रूपक, या निवडीने नीतीचा प्रश्न सुटतो हा भ्रमच म्हटला पाहिजे.

किंमत कोणाच्या माथी?

मग कसोटी कोणती? अर्थशास्त्रात एखाद्या कराचा विचार करताना तो कागदावर कोणावर बसविला आहे एवढे पाहून भागत नाही. त्याचा भार अखेरीस कोणाच्या माथी पडतो, हे शोधावे लागते. धर्मवचनाच्या अर्थाचेही असेच आहे. मनुस्मृतीतील चाकरीचे वचन ज्यांना महाग पडले असते त्यांच्याच हाती अर्थ लावण्याचा अधिकार होता. म्हणून ते वचन बोभाटा न होता मागे पडले. पाणवठ्याचे आणि देवळाचे वचन ज्यांना महाग पडत होते त्यांना तो अधिकार नव्हता. म्हणून ते शतकानुशतके अक्षरशः पाळले गेले. ज्ञानेश्वरांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस वेदाला कृपण म्हटले ते याचसाठी. ज्याच्यापाशी संपत्ती अमाप, पण जो तीनच वर्णांच्या कानी लागला, तो धनवंत काय कामाचा? गीतेने ही उणीव भरून काढली, असे त्यांचे प्रतिपादन होते. ती मराठीत आणून त्यांनी अर्थाची कवाडे उघडली खरी. पण गावातील विहीर त्यानंतरही साडेसहाशे वर्षे बंद राहिली.

म्हणून धर्मवचनाचा अर्थ ठरविताना व्याकरणाचा आणि परंपरेचा दाखला जसा घ्यावयाचा, तशीच त्या अर्थाची झळ ज्याला पोचते त्याची साक्षही घेतली पाहिजे, आणि ती अगोदर घेतली पाहिजे. उदात्त रूपक सांगणाऱ्याने एवढ्यावर थांबून चालणार नाही की आपल्याला तो अर्थ अभिप्रेत आहे. समाजात दुसराच अर्थ राज्य करीत असेल, तर तो हटविण्याचे कामही त्याच्याच अंगावर येते. भारतीय संविधानाने हे काम आपल्यापुरते सरळ केले. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, ती शास्त्रात आहे की नाही याचा निवाडा न करता. कायद्याला एवढे पुरते. धर्मावर श्रद्धा असणाऱ्या माणसाला मात्र ते पुरत नाही. त्याला आपला ग्रंथ आणि आपली नीती यांचा हिशेब स्वतःलाच द्यावा लागतो.

तो हिशेब कसा देता येतो, याचे एक उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. त्या प्रवचनांतील गीता रणांगणाची नव्हे, अंतःकरणाची होती. ती वही मिटवून ठेवून, अर्थ तर उदात्त आहे या समाधानात गुरुजींना राहता आले असते. मे १९४७ मध्ये ते पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळासाठी प्राणांतिक उपोषणाला बसले आणि ते दार हरिजनांना उघडले गेले. त्या उपोषणाला सनातन्यांनी विरोध केला, काही सुधारकांनाही ते घाईचे वाटले. पण जो अर्थ त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी लिहून घेतला होता त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या नावे न टाकता त्यांनी स्वतः भरावयाचे ठरविले होते. ग्रंथाचा अर्थ सांगावयास उभे राहणाऱ्या प्रत्येकाला, मग तो अक्षराचा अभिमानी असो की रूपकाचा, श्रोत्यांनी एवढे तरी विचारावे : या अर्थाची किंमत कोण देणार आहे, आणि त्याला तुम्ही विचारले आहे काय?